दांडा कोणाच्या हातात होता

मी एक जुने विमान आहे. दोन माणसे बसतील एवढेच माझे पोट, कापडाचे अंग आणि शेपटीखाली वाटीएवढे एक चाक. मित्रांनो, मी जे सांगणार आहे ते १९५७ सालच्या सप्टेंबरात सुरू झाले आणि पुढल्या एप्रिलात संपले. त्याआधी मी अकरा वर्षे उडत होते, त्यानंतर आणखी तीस वर्षे उडाले. तरीही आयुष्य म्हटले की मला ते आठ महिनेच आधी आठवतात.

विमानाला तुम्ही 'ते' म्हणता. माझा मालक ओरेस्त ह्रिंचुक मात्र मला 'म्हातारे' अशी हाक मारायचा, तीसुद्धा माझा रंग अजून चकचकीत असताना. त्यामुळे मी स्वतःला बाईच समजत आले आहे.

माझा जन्म १९४६ सालचा. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, लाकडी फासळ्यांचे पंख आणि त्यावर ताणून शिवलेले सुती कापड. ते शिवणाऱ्या बायकांनी युद्धाच्या काळात पॅराशूट शिवली होती. त्या टाके फार जवळ जवळ घालायच्या, आणि शिवताना घरच्या गोष्टी बोलायच्या. कापडावर रोगणाचे सात हात बसले, तेव्हा मी ढोलासारखी वाजू लागले.

माझ्यात एक खोड आहे, ती आधीच सांगते. माझे वजन पुढच्या दोन चाकांच्या मागे पडते. जमिनीवर धावताना माझे नाक जरा कुठे एका बाजूला वळले, की मागचे वजन पुढे जायला बघते आणि मी जागच्या जागी गरकन फिरते. हवेत मी शहाणी. पण जमिनीला टेकल्यापासून अगदी उभी राहीपर्यंत माझा भरवसा धरू नये. दांडा, म्हणजे पंख झुकवणारी हातातली काठी, वाऱ्याच्या बाजूला दाबून ठेवायचा, पायांनी सुकाणूची पेडले सतत हलकी हलकी दाबत राहायचे आणि डोळे समोर ठेवायचे. एवढे केले तर मी गरीब गाय आहे.

ओरेस्तने मला १९४९ साली आणले. सस्काचेवान नदीच्या उत्तर काठाला त्याची गव्हाची शेती होती. नदीपलीकडे केसलर गाव, इस्पितळ आणि दुकाने. अलीकडे आम्ही, आणि मैलामैलावर एकेक घर. आमची उतरायची जागा म्हणजे घरामागचे कुरण. ते चारही बाजूंनी मोकळे होते. वारा जिकडून येई तिकडे तोंड करून उतरायचे. गवतावर चाके थोडी घसरतात, म्हणून चूक झाली तरी गवत ती पोटात घालते. ओरेस्त आठ वर्षे त्या गवतावर उतरला आणि त्या गवताने त्याचे लाड केले.

आमच्या मुलखात आणखी एक रीत होती. माणूस दिसला की हात करायचा. ट्रॅक्टरवरून, गाडीतून, बर्फ उपसता उपसता. ज्याने हात केला नाही त्याच्याबद्दल चर्चमध्ये आठवडाभर बोलणे व्हायचे. ओरेस्तची चाके टेकली, की तो दांड्यावरचा उजवा हात सोडून वर करायचा. दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकोला, पारास्काला. कोणी नसेल तर गाईंना.

त्याची मुलगी ओदार्का बावीस वर्षांची होती. सतराव्या वर्षी ती माझ्यावर शिकायला बसली आणि एकोणिसाव्या वर्षी तिला परवाना मिळाला. तिचे पाय तिच्या बापापेक्षा हलके होते. हे मी कुणाला सांगू शकले नाही, पण मला ते कळत होते. आमच्या भागाची आरोग्य नर्स अॅग्नेस टोलेफसन हिलाही ते कळले असावे. दोनशे मैलांच्या टापूत तिला एकटीला फिरावे लागे, आणि वर्षातले चार महिने रस्ते एक तर बर्फात नाही तर चिखलात असत. तिने पंचायतीला लिहून दिले की मला ओदार्का ह्रिंचुक वैमानिक म्हणून हवी. ओदार्काला दुसरे काही नको होते. ती रात्रंदिवस तेच बोलायची. पंचायतीचे प्रमुख लुंडग्रेन म्हणाले, केसलरची नवी धावपट्टी सुरू होऊ दे, मग ठरवू.

ती धावपट्टी डांबरी होती. आमच्या भागातली पहिलीच.

तिच्या उद्घाटनाला जायचे म्हणून ओरेस्तने नवा सदरा घातला आणि माझ्या पुढच्या आसनावर चढू लागला. माझ्यात एकामागे एक अशी दोन आसने, आणि दोन्हीपुढे दांडा व पेडले आहेत. पण चालवणारा नेहमी मागे बसतो. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होते.

"बाबा, तुम्ही पुढे?" ओदार्का म्हणाली.

"मागे बसलो तर लोकांना काय दिसणार? माझी टोपी?"

"मग चालवते मी."

"आज नाही. आज बँड आहे, लिंबू सरबत आहे. तू मागे बस आणि कशाला हात लावू नकोस. विमान एका वेळी एकाच्याच हातात असतं."

हा त्याचा जुना नियम होता. ओदार्का तो कधी मोडत नसे.

केसलरवर आलो तेव्हा वारा उत्तरेकडून होता, म्हणजे धावपट्टीवर आडवा, आमच्या डाव्या अंगाला. उजव्या बाजूला कुंपणाशी दोन-तीनशे माणसे उभी होती. ओरेस्तने मला बरे उतरवले. आधी डावे चाक टेकले, मग उजवे, मग शेपटी. डांबर माझ्या चाकांना नवे होते. ते घसरू देत नव्हते, धरून ठेवत होते. वारा माझ्या शेपटीवर दाब देत होता आणि नाक डावीकडे ओढत होता. मला दांड्याची गरज होती, पायांची गरज होती, आणि अजून बरेच अंतर धावायचे होते.

तेवढ्यात ओरेस्तने माणसे पाहिली आणि उजवा हात वर केला.

दांडा सैल पडल्याचे मला लगेच कळले. डाव्या पंखाखाली वारा शिरला आणि तो पंख उचलला गेला. नाक डावीकडे वळले. मागच्या आसनावर ओदार्काचा हात दांड्याकडे गेला आणि वीतभर अलीकडे थांबला. विमान बापाच्या हातात होते. तिने शिकलेले सगळे तिला पुढे ढकलत होते आणि तो एक नियम तिला मागे धरत होता. तेवढ्यात ओरेस्तने उजवे पेडल दणकन दाबले, पण वेळ निघून गेली होती. माझी शेपटी सुटली. आकाश, कुंपण, माणसे, पुन्हा आकाश असे सगळे माझ्यासमोरून सरकत गेले. उजवा पंख डांबरावर घासला, उजव्या चाकाचा पाय दुमडला, लाकडी प्रॉपेलरचे टोक तुटून उडाले. मग मी थांबले, आल्या दिशेला तोंड करून.

बँड थांबला होता. पेट्रोलचा वास येत होता. दोघेही चालत बाहेर आले.

लुंडग्रेन धापा टाकत पोचले. "दिलंस ना अखेर पोरीच्या हातात?" ते ओरेस्तला म्हणाले.

ओरेस्तने तोंड उघडले. मग मिटले. मग म्हणाला, "कोणाला लागलं नाही, हे काय कमी आहे?"

मित्रांनो, लोकांचा हिशेब सोपा होता. ओरेस्तचा हात वर होता, हे सगळ्या गावाने पाहिले होते. म्हणजे दांडा त्याच्या हातात नव्हता. मागे पोरगी बसली होती, आणि या विमानात चालवणारा मागेच बसतो. ज्या हाताने मला मोडले, त्याच हाताने ओरेस्तला वाचवले.

ओदार्का बापाकडे बघत राहिली. तो माझ्या तुटलेल्या पायाकडे बघत होता.

पुढच्या आठवड्यात पंचायतीचा नकाराचा निरोप आला. लुंडग्रेन वाईट मनाचे नव्हते. ते स्वतः आले आणि टोपी काढून म्हणाले, "पोरी, राग मानू नकोस. विमानं पुष्कळ मिळतील. नर्सबाई आमच्याकडे एकच आहे."

थंडीभर मी अवजारांच्या शेडमध्ये, लाकडी ठोकळ्यांवर होते. बाप आणि लेक माझ्यावर काम करत. तो नळ्या जोडायचा, ती पंखाला कापड शिवायची. दोघांचे बोलणे एवढेच, "पाना दे," "हा धर." एकदा पारास्का वारेनिकींचे, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचे, भांडे घेऊन आली आणि ते शेगडीवर ठेवून तिथेच उभी राहिली. ओदार्का लाकडे आणायला गेली होती.

"ओरेस्त, तू त्या दिवशी हात कुठला केलास?"

"हा काय प्रश्न आहे?"

"डावा की उजवा?"

"उजवा."

"मग दांडा कुठल्या हातात होता?"

ओरेस्त नळीवर कानस घासत राहिला. "पोरीला विचार."

"तिला विचारलं. ती म्हणते, बाबांना विचार."

कानस घासण्याचा आवाज थांबला नाही. पारास्का म्हणाली, "खा, गार होतंय," आणि निघून गेली.

ओदार्का का बोलत नव्हती, ते मला नंतर कळले. आईने पुन्हा तिला माझ्या पंखाशी गाठून विचारले तेव्हा ती म्हणाली, "मी काही म्हटलं तर लोक म्हणतील, आता बापावर ढकलते. आणि आई, दांडा माझ्यापासून एवढाच होता. मीही धरला नाही." तिने वीत करून दाखवली.

एप्रिलच्या सुरुवातीला मी पुन्हा उडाले. आमचे कुरण वाळूच्या उंचवट्यावर होते, ते लवकर सुकायचे. ओरेस्त मला घेऊन वर जायचा, पण उतरताना त्याचे पाय पेडलांवर दगडासारखे बसलेले असायचे. दोनदा मी उसळले. एकदा गवतानेच मला सांभाळले, त्याने नाही. तो घामाने भिजून खाली उतरला आणि माझ्या पंखाला टेकून बराच वेळ उभा राहिला.

मग तो दिवस आला. नदीचा बर्फ फुटून वाहू लागला होता. नदी ओलांडायचा तराफा काठावर ओढून ठेवलेला, रस्त्यांवर गुडघाभर चिखल. नर्सबाई आमच्या बाजूला अडकली होती. दुपारी शेजारचा पेत्रो झालुस्की ट्रॅक्टरला गाडी जोडून आमच्या अंगणात आला. गाडीत गवतावर त्याची बायको मारुस्या गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. नर्सबाई तिच्याजवळ बसली होती.

"अपेंडिक्स आहे," नर्सबाई म्हणाली. "संध्याकाळपर्यंत फुटेल. तिला पलीकडे इस्पितळात न्यायला हवं. तिकडची सगळी कुरणं चिखलात आहेत. उतरायला एक डांबरी पट्टीच आहे."

ओरेस्तने वाऱ्याकडे पाहिले. वारा उत्तरेचा होता, सप्टेंबरातल्यापेक्षा जोरात.

"ओदार्का नेईल," तो म्हणाला.

"नाही," पेत्रो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस पोरी. पण मी डोळ्यांनी पाहिलंय. ओरेस्त, तू ने."

"ती नेईल."

"माझी बायको आहे ती, ओरेस्त. तुझ्या पोरीची शिकवणी नाही."

गाडीत मारुस्या कण्हली. नर्सबाई म्हणाली, "भांडायला वेळ नाही. दोघांपैकी कोण ते ठरवा." आणि तिनेही ओरेस्तकडेच पाहिले.

आता ओरेस्तपुढे दोन वाटा होत्या. पुढे होऊन बसायचे आणि गप्प राहायचे. सगळ्यांना तेच हवे होते. त्याच्या पायांचे काय झाले आहे, हे त्याला आणि मलाच माहीत होते. तो माझ्याकडे आला. त्याने माझ्या दारावर हात ठेवला.

मग तो वळला.

"पेत्रो, तू काय पाहिलंस? माझा हात वर होता, हेच ना? त्या हातात दांडा होता. मी सोडला. ओदार्काने कशालाही हात लावला नव्हता, कारण मी तिला बजावलं होतं. विमान मी मोडलं. आणि आठ महिने तिच्या नावावर खपवलं."

पारास्काने डोक्याला बांधलेल्या रुमालाचे टोक तोंडाशी धरले.

"आता माझे पाय ऐकत नाहीत," ओरेस्त म्हणाला. "मी नेलं तर मारुस्या जाईल. हे तुला आत्ता सांगितलं नाही, तर मग मी कसला माणूस?"

पेत्रो चिखलात थुंकला. ओरेस्तकडे पाठ करून तो ओदार्काला म्हणाला, "बघत काय उभी राहिलीस? पाय धर तिचे, आत ठेवू."

ओरेस्तने पुढच्या आसनापुढचा दांडा काढून घेतला, म्हणजे वेदनेत मारुस्या तो ओढणार नाही. नर्सबाईने तिला पट्ट्याने बांधले. ओदार्का मागे बसली.

नदीवरून जायला सात मिनिटे लागली. खाली बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत होते. केसलरवर आलो तेव्हा वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी धावपट्टीला आडवी, ताठ फुगलेली होती. नर्सबाईने फोन केला असावा, कारण कुंपणाशी इस्पितळाची गाडी आणि वीस-पंचवीस माणसे दिसत होती.

पहिल्यांदा उतरायला गेलो तेव्हा वाऱ्याने मला पट्टीवरून बाजूला सारले. चाके टेकायला हातभर राहिले असताना ओदार्काने इंजिन पुन्हा वाढवले आणि मला वर नेले.

"परत वर का गं?" मारुस्याने कण्हत विचारले.

"नाही जमलं. पुन्हा करते."

"दुसऱ्यांदा नाही जमलं तर?"

"तर तिसऱ्यांदा. पेट्रोल आहे."

मारुस्या थोड्या वेळाने म्हणाली, "मी डोळे मिटते. तू मिटू नकोस."

दुसऱ्या वेळी ओदार्काने माझा डावा पंख वाऱ्याकडे खाली झुकवला आणि तसाच ठेवला. नाक सरळ पट्टीवर. डावे चाक टेकले. मी एका चाकावर धावत होते, दुसरे हवेत होते, आणि ती घाई करत नव्हती. वेग उतरला तसे उजवे चाक आपोआप खाली आले. मग शेपटी. डांबराने मला धरले. वारा माझी शेपटी ढकलू लागला आणि मी डावीकडे वळायला बघू लागले. माझी खोड मला सुटत नाही. पण माझे नाक बोटभर हलायच्या आत तिचा उजवा पाय तिथे होता, आणि लगेच सैल, आणि पुन्हा तिथे. दांडा डाव्या मांडीला टेकेपर्यंत दाबलेला होता.

कुंपणाशी सगळ्यांनी हात केले. लुंडग्रेनही टोपी हलवत होते.

ओदार्काने पाहिले नाही.

माझा वेग घोड्याच्या दुडक्या चालीएवढा झाला. इथे माणसाला वाटते, झाले. आणि इथेच वाऱ्याचा एक झोत आला. शेपटी उचलल्यासारखी झाली. उजवे पेडल पूर्ण खाली, उजव्या चाकाला ब्रेकचा हलका स्पर्श, दांडा तसाच. मी तिरकी झाले, अडखळले, आणि सरळ झाले. मग उभी राहिले.

इस्पितळाची माणसे धावत आली. लुंडग्रेनही आले. "उतर पोरी, उतर आता."

"आधी डावा पंख धरा," ओदार्का म्हणाली. "मग सोडते."

त्यांनी पंख धरला. तेव्हा कुठे तिने दांड्यावरची बोटे उघडली. मारुस्याला बाहेर काढताना लुंडग्रेन कुरकुरले, "एवढे सगळे हात करत होतो. एकदा तरी बघायचंस."

"काका, पट्टी संपली नव्हती."

पंखाला लटकलेल्या लुंडग्रेननी तो आणखी घट्ट धरला.

मारुस्या वाचली. ती पुढे नऊ नातवंडांची आजी झाली. पेत्रोने ओदार्काची माफी मागितली नाही, पण मरेपर्यंत दर वसंतात न सांगता यायचा आणि आमच्या कुरणावर फळी फिरवून ते सपाट करून जायचा. तराफा सुरू झाल्यावर ओरेस्त पहिल्याच खेपेला पलीकडे गेला आणि त्याने पंचायतीपुढे उभे राहून सगळे पुन्हा सांगितले. नर्सबाई अकरा वर्षे ओदार्काबरोबर फिरली आणि मग बहिणीकडे राहायला गेली. लुंडग्रेन म्हातारे होईपर्यंत प्रमुख राहिले. ओरेस्त डांबरावर पुन्हा कधी उतरला नाही. माझ्यावर नवीन कोणी शिकायला बसले, की तो शेडच्या दारात स्टूल टाकून त्याला स्वतःची गोष्ट सांगायचा, काही न वगळता. तो १९७९ साली गेला, त्यानंतर चार वर्षांनी पारास्का. ओदार्काने त्रेसष्ट जणांना उडायला शिकवले. त्यातल्या एकालाही तिने असे सांगितले नाही, की चालवणाऱ्याची चूक दिसली तरी हात लावू नकोस. आता ती एकोणनव्वद वर्षांची आहे आणि केसलरलाच राहते.

मी १९८८ साली शेवटची उडाले. मग बरीच वर्षे शेडमध्ये एकटी होते. चिमण्यांनी माझ्या इंजिनात घरटी केली, उंदरांनी पंखाचे कापड खाल्ले. एके काळी माझ्यासाठी अर्धे गाव कुंपणाशी यायचे, आणि मग माझ्यावर पोती रचायलासुद्धा कोणी येईना. आता मला गावाच्या संग्रहालयात आणून ठेवले आहे. शाळेतली मुले येतात, आसनावर बसतात, तोंडाने इंजिनाचा आवाज काढतात. मला ते आवडते.

मित्रांनो, मला फुले नकोत, मोठी पाटीही नको. माझ्या डाव्या चाकातली हवा गेली आहे. तीन महिने झाले. जाणारे-येणारे सगळे बघतात, म्हणतात, किती छान जपलंय, आणि पुढे जातात. जुन्या वस्तूवर प्रेम असेल तर तिच्याकडे बघून थांबू नका. वाकून बघा, कुठे काय सैल आहे. पंप दाराशेजारच्या कपाटात आहे.